दुसऱ्याचे वाक्य

आमच्या शाळेत एक मुलगा आहे. आता तो नववीत आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तो बोलताना अडखळतो. वर्गातली मुले त्याला ‘हकला’ म्हणत. मी एकदोनदा रागावलो, तेव्हापासून माझ्यासमोर म्हणत नाहीत, एवढाच फरक पडला. उर्दू माध्यमाच्या या शाळेत मी मराठी शिकवतो. घरच्या भाषेतही ज्याची जीभ पहिल्या अक्षराशी अडते, त्याला मराठीच्या तासाला उभे राहणे किती जड जात असेल, हे मला दिसत होते. म्हणून तो उभा राहिला आणि शब्दाशी झगडू लागला, की मी त्याचे वाक्य पूर्ण करून टाकायचो आणि ‘शाबास, बैस’ म्हणायचो. तोही मान हलवून बसायचा. सहावी-सातवीची दोन वर्षे हे असेच चालले. आपण या मुलाशी फार मायेने वागतो आहोत, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत ढळली एका गिटारवादकाच्या मैफलीत. उर्दू शाळेचा मास्तर आणि जॅझ वाजवणारा गिटारवादक, ही गाठ कशी पडली ते आधी सांगायला हवे.

शिक्षकांच्या खऱ्या ओळखी शाळेत होत नाहीत, निवडणुकीच्या कामावर होतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत माझ्याबरोबर एकाच मतदान केंद्रावर एक संगीतशिक्षक होते. राहणारे वसईचे, ख्रिस्ती, नोकरी मुंबईतल्या एका इंग्रजी शाळेत. आदल्या दिवशी याद्या आणि पाकिटे मोजून झाली, तरी त्यांची बोटे टेबलावर ताल धरून होती. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘सर, गिटार वाजवतो. माझे गुरू जॅझ वाजवतात. पावसाळ्यात त्यांची एक छोटी बैठक आहे. तीसेक माणसं असतील. तुम्ही याच.’

मी ‘बघू’ म्हणालो. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. पण जुलैमध्ये त्यांचा पुन्हा फोन आला. माझ्या मनात तीन वाक्ये तयार होती. वांद्र्याला आहे म्हणजे सगळी इंग्रजी बोलणारी मंडळी असणार. जॅझ आहे म्हणजे हातात पेले असणार. आणि आपल्याला त्यातले काही कळणार नाही. पत्नीला सांगितले. तीही शिक्षिका आहे. ती म्हणाली, ‘ऐकायला बोलावलंय ना? मग ऐकून या.’

प्रश्न केवळ पेल्यांचा नव्हता. वाद्यांविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. इमाम गझाली (निधन 1111) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सूर गोड आहे एवढ्यानेच तो निषिद्ध ठरत नाही, असे ते मांडतात. पण तारांची आणि फुंकीची काही वाद्ये ते मना करतात, कारण ती मद्यप्यांच्या बैठकीची खूण झाली होती. हजरत निजामुद्दीन औलिया समाअचे केवढे चाहते, पण त्यांनी घातलेल्या शर्तींतही वाद्ये बसत नव्हती. म्हणजे गिटारच्या बाजूने या दोन थोरांची साक्ष काढण्याची सोय मला नाही. मी मुफ्ती नाही आणि हा लेख फतवा नाही. ज्यांना वाद्य ऐकणे मान्य नाही त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

पण गझालींच्या त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ते ऐकणाऱ्याचे अदब सांगतात. समाअला योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती लागतात, हा हजरत जुनैद बगदादींचा विचार ते पुढे मांडतात. ऐकणाऱ्याने मन हजर ठेवावे, इकडेतिकडे बघू नये, शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते न्याहाळू नये, आवरता येईल तोवर स्वतःला आवरावे. गाणाऱ्यावर बंधने घालणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. ऐकणाऱ्यावर जबाबदारी टाकणारे थोडे. बी.एड.च्या वर्षात मला बोलायचे कसे, फळ्यावर लिहायचे कसे, प्रश्न विचारायचा कसा, हे सारे शिकवले गेले. विद्यार्थी बोलत असताना शिक्षकाने काय करायचे, यावर एखादा तास झाला असेल तर तो मला आठवत नाही.

वांद्र्याच्या एका गावठाणातले जुने घर. लाकडी जिना. वर एक लांबट खोली आणि तीन तऱ्हांच्या तीस-बत्तीस खुर्च्या. कोपऱ्यात टेबलावर चहाचा मोठा थर्मास आणि केळ्याचे वेफर्स. पेले नव्हते. माझ्या तीन वाक्यांपैकी एक तिथेच गळून पडले.

गिटारवादक सत्तरीचे असावेत. साधा सदरा, पायांत चपला. पोकळ पेटीची गिटार आणि शेजारी शिलाई मशीनच्या पेटीएवढा ॲम्प्लिफायर. त्यांनी पहिली गोष्ट केली ती पंखा बंद करायला सांगितले. पावसाळ्यातला उकाडा, घामाच्या धारा, पण कोणी कुरकुरले नाही. पंखा थांबल्यावर कळले की त्याचा केवढा आवाज होता. मग पागोळ्या ऐकू आल्या. मग खुर्च्यांची कुरकूर. आणि मग, अगदी हळू, गिटार.

मी त्यांच्यापासून सात-आठ फुटांवर होतो. बोट तारेवरून सरकताना होणारी चीं, पट्टी पालटताना घेतलेला श्वास, हे सगळे ऐकू येत होते. रेडिओवर किंवा मोबाइलवर हे कुठले ऐकू यायला! छोट्या बैठकीत वाजवणाऱ्याला लपायला जागा नसते. पण हेही तितकेच खरे, की ऐकणाऱ्यालाही नसते. मोठ्या सभागृहात मी झोपलो असतो तरी कुणाला पत्ता लागला नसता. इथे मी मनगटावरचे घड्याळ पाहिले तरी त्यांना दिसले असते.

पहिली धून संपल्यावर संगीतशिक्षकांनी माझ्या कानाशी लागून थोडक्यात सांगितले. जॅझमध्ये आधी एक ओळखीची चाल वाजवतात. ती बहुधा बत्तीस मात्राखंडांची असते. मग तीच चौकट पुन्हा पुन्हा फिरवायची, सुरांचा पाया तोच ठेवायचा, पण प्रत्येक फेरीत वरची चाल नवी, तिथल्या तिथे रचलेली. शेवटी परत मूळ चालीवर यायचे. मी म्हणालो, ‘म्हणजे तरही मुशायरा!’ त्यांना ते ठाऊक नव्हते. मी सांगितले : एक मिसरा दिलेला असतो. रदीफ तीच, काफिया तोच, बहर तीच. त्या चौकटीत प्रत्येक शायर आपला शेर आणतो. चौकट सर्वांना माहीत असते, म्हणूनच तिच्यात नवे काय आले ते ऐकता येते. त्यांनी मान डोलावली. फरक एवढाच, की शायर घरून लिहून आणतो आणि इथे सगळे डोळ्यांदेखत घडते. पुढची ओळ काय असेल हे वाजवणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते.

मध्यंतरात चहा घेता घेता त्यांनी गिटारची कहाणी सांगितली. ही मला फार जवळची वाटली. अमेरिकेत 1930 च्या आसपास पंधरा-पंधरा वादकांचे वाद्यवृंद होते. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ढोल यांच्या गर्दीत गिटारचा आवाज कुठल्या कुठे बुडायचा. गिटारवादक मागे बसून ताल धरायचा, बस्स. पुढे विजेवर वाजणारी गिटार आली. चार्ली ख्रिश्चन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय वादक 1939 मध्ये बेनी गुडमनच्या वृंदात आला आणि गिटारला पूर्ण वाक्य बोलता येते हे लोकांना कळले. क्षयाने तो 1942 मध्ये गेला. वय अवघे 25. त्याच्याही आधी युरोपात जँगो राइनहार्ट होता. भटक्या जमातीतला. 1928 मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. डाव्या हातानेच तर तारा दाबायच्या. उरलेल्या दोन बोटांनी सुरावट उभी करण्याची त्याने आपली वेगळी रीत बसवली. तोच जगभर ऐकला गेला.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा वृंद ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. पुढे गोव्याकडचे अनेक वादक हे संगीत शिकले आणि हॉटेलांतून सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात गेले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (1951) मधल्या गाण्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी ठेका धरला. त्यांतल्या ट्रम्पेटमागे चिक चॉकलेट नावाने ओळखले जाणारे गोवेकर वादक होते. म्हणजे जॅझ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फक्त त्याचे नाव कुणी सांगितले नव्हते.

आणखी एक नाव मी घरी येऊन शोधले. अहमद जमाल. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे पियानोवादक. जन्म 1930, निधन 2023. विशीत त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांच्या सुरुवातीच्या त्रिकुटात पियानो आणि बासबरोबर ढोल नव्हता, गिटार होती. 1958 मध्ये शिकागोतल्या एका हॉटेलच्या छोट्या दालनात, समोर बसलेल्या श्रोत्यांसह, त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि ते गाजले. पुढे शिकागोतच त्यांनी स्वतःची जागा काढली, ‘अलहम्ब्रा’. तिथे मद्य मिळत नसे. पण जाणकार त्यांचे नाव घेतात ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी : ते जे सूर वाजवत नसत त्यांच्यासाठी. दोन वाक्यांमध्ये ते जागा मोकळी सोडत आणि ऐकणाऱ्याला तिथे थांबावे लागे.

मला त्या रात्री असे थांबता आले नाही. तीच तर गोष्ट आहे.

शेवटची धून फार संथ होती. चाल हळूहळू खाली उतरत आली आणि एकच सूर उरला. तो कोणता असणार हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होते, शेर संपता संपता काफिया कळतो तसे. त्यांनी हात तारांवर अलगद टेकवला आणि ते थांबले. डोळे मिटलेले. खोलीत चिडीचूप. एक क्षण, दोन क्षण, तीन. मला वाटले, संपले. मी टाळी वाजवली.

एकट्याने वाजवली. त्या बंद पंख्याच्या खोलीत ती एखादी फळी पडावी तशी वाजली. कुणी वळून पाहिले नाही, हे त्या मंडळींचे मोठेपण. त्यांनीही डोळे उघडले नाहीत. आणखी क्षणभर थांबून त्यांनी पुढचा सूर लावला. मी मनात धरलेला तो नव्हताच. तिथून चाल एका वेगळ्याच गल्लीत शिरली आणि मिनिटभराने, आपल्या वेळेने, संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझे हात मांडीवरच राहिले.

निघताना मी त्यांच्यापाशी गेलो आणि हिंदीत माफी मागितली. त्यांनी मराठीत उत्तर दिले. म्हणाले, ‘अहो, त्यात काय! तुम्हाला वाटलं संपलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.’

आणि माझ्या तोंडून निघून गेले, ‘अरे वा! तुम्ही मराठी किती छान बोलता!’

ते खदखदून हसले. ‘मग दुसरी कुठली बोलू? आजीने हीच शिकवली.’ ते ईस्ट इंडियन निघाले. मुंबई-साष्टीचे मूळचे रहिवासी. त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली नांदते आहे.

वाचकहो, हे वाक्य आपल्याला किती वेळा ऐकावे लागते, ते मी तुम्हाला काय सांगावे! मी रत्नागिरी जिल्ह्यातला. गाडीत कोणी विचारतो, ‘सर, कुठले तुम्ही?’ मी म्हणतो, ‘रत्नागिरीचा.’ तो म्हणतो, ‘तसं नाही, मूळचे कुठले?’ त्याने माझे वाक्य मी तोंड उघडण्याआधीच पूर्ण केलेले असते. माझे खरे उत्तर त्याच्या उत्तराशी जुळत नाही, म्हणून तो पुन्हा विचारतो. मग कोणीतरी कौतुकाने म्हणतो, ‘पण मराठी छान बोलता हं!’ त्याच्या मनात वाईट काही नसते. तरी त्या कौतुकाने मी परका होतो. या अनुभवावर आपल्यापैकी कितीतरी जणांनी लिहिले आहे, बोलले आहे. आणि त्या रात्री मीच ते वाक्य एका मराठी माणसाला ऐकवले. ज्याचे आपण घाव सोसले ते शस्त्र आपल्याच हाती असते आणि आपल्याला त्याची खबरही नसते.

परतीच्या लोकलमध्ये मला त्या मुलाची आठवण झाली. मी त्याच्याशी दोन वर्षे काय करत होतो? रोज वेळेआधी टाळी वाजवत होतो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे फार झाले. अडलेल्याला शब्द सुचवणे ही मदतच आहे. आणि आठवीच्या पोराचे उत्तर काय असणार ते शिक्षकाला कळत नाही का? मीही स्वतःशी हाच वाद घातला. उत्तर खरोखरच ठाऊक असेल तर थांबायचे कशासाठी? ऐकणे हे माहिती मिळवण्यासाठी असेल, तर ज्याला माहिती आहे त्याने ऐकण्याचे कारण नाही.

या प्रश्नावर मला कुरआनातला हजरत मूसा (अ.) यांचा प्रसंग पुन्हा वाचावासा वाटला. सूरह ताहामध्ये तो आहे. हजरत मूसांच्या जिभेला गाठ होती. ती सुटावी आणि आपले बोलणे लोकांना समजावे, अशी दुआ त्यांनी मागितली. पण त्या दुआच्या आधी काय घडते पाहा. अल्लाह त्यांना विचारतो की तुझ्या उजव्या हातात काय आहे. जो सारे जाणतो, त्याला काठी ओळखू येत नव्हती काय? तरी त्याने विचारले. आणि जीभ अडखळणाऱ्या त्या माणसाने एका शब्दात उत्तर दिले नाही. ही माझी काठी आहे, मी तिच्यावर टेकतो, शेळ्यामेंढ्यांसाठी पाला झोडतो, तिचे आणखीही उपयोग आहेत, असे ते सांगत राहिले. त्यांना मध्येच थांबवले गेले नाही. तफसीर लिहिणाऱ्यांनी म्हटले आहे की बोलण्याचा हा आनंद लांबावा म्हणून त्यांनी उत्तर लांबवले. याच मूसांना आपण कलीमुल्लाह म्हणतो, ज्यांच्याशी अल्लाह बोलला. सर्व नबींमध्ये हा किताब कोणाला मिळाला? ज्याच्या जिभेला गाठ होती त्याला.

मला यातून एवढे समजले. ऐकणे हे माहितीसाठी नसते. वाक्य कसे संपणार हे ठाऊक असले, तरी ते वाक्य ज्याचे त्याचे असते. ते त्याच्या आधी संपवणे म्हणजे त्याच्या हातातली वस्तू काढून घेणे, मग ती आपण कितीही प्रेमाने काढून घेतलेली असो. आणि बहुतेक वेळा आपल्याला खरोखर ठाऊक नसतेच. ठाऊक आहे असे फक्त वाटते.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती मला टाळता येत नाही. मुशायऱ्यात शायर दुसरा मिसरा उचलतो, काफियापाशी येतो आणि सगळा पंडाल त्याच्या आधी तो शब्द उच्चारतो. तिथे कोणाचे काही हिरावले जात नाही. उलट शायराला तीच खरी दाद वाटते. मग फरक कशात? मला वाटते, शायर तिथे मुद्दाम थांबून बोलावणे देतो. हजरत मूसांनीही आपल्यापेक्षा बोलण्यात सफाईदार असलेल्या भावाची, हजरत हारून (अ.) यांची, मदत मागितली होती. पण ती त्यांनी स्वतः मागितली होती. मी मात्र त्या मुलाचा हारून स्वतःच होऊन बसलो होतो. त्याने मला बोलावले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात मी थांबायचे ठरवले. आणि पहिल्याच दिवशी सपशेल फसलो. तो उभा राहिला, अडखळला, आणि मी म्हणालो, ‘सावकाश बोल, घाई नाही, आम्ही सगळे थांबलोय.’ झाले! साठ डोकी त्याच्याकडे वळली. त्याचे कान लाल झाले आणि तो न बोलता खाली बसला. थांबण्याचाही मी गाजावाजा केला होता. वांद्र्याच्या त्या खोलीत कोणी ‘आम्ही थांबलो आहोत’ असे सांगितले नव्हते. ते नुसते थांबले होते.

मग मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात गाठले आणि सरळ विचारले, ‘तू अडलास की मी काय करू? थांबू की सांगू?’ दोन वर्षांत हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदाच विचारत होतो. त्याने बराच वेळ घेतला. म्हणाला, ‘थांबा, सर. मी हात वर केला तर सांगा.’

काही दिवसांनी तोंडी परीक्षेची तयारी चालू होती. साधा प्रश्न होता : तुला कोणता ऋतू आवडतो आणि का? तो म्हणाला, पावसाळा. ‘का’ला तो अडला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होते : शाळेला सुट्टी मिळते म्हणून. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेच दिले होते. मी जीभ आवरली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. तासिका 35 मिनिटांची असते, तिच्यात ते फार वाटले एवढे खरे. मग त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितले, ‘पत्र्यावर पाऊस पडला का, सर, घरात सगळ्यांनाच दोन-दोन दफा बोलावं लागतं.’

मी ‘शाबास, बैस’ म्हणू शकलो नाही. पुढच्या मुलाला उभे करायला मला थोडा वेळ लागला.

या गोष्टीचा शेवट गोड करावा असे मला वाटत नाही. तो मुलगा अजून अडखळतो. मुले अजून शाळेबाहेर त्याला चिडवतात. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी मला म्हणाली, ‘सर, तुम्ही त्याच्यासाठी थांबता, आमच्यासाठी नाही थांबत.’ तिचे खरे होते. वेळ तेवढाच, मुले साठ. एकाला दिलेला वेळ दुसऱ्याच्या ताटातून उचललेला असतो. पूर्ण न्याय कसा करायचा हे मला सापडलेले नाही. एवढेच करतो की रोज कोणाचे तरी एक वाक्य शेवटपर्यंत ऐकायचे, आणि तो ‘कोणी’ रोज वेगळा असावा हे पाहायचे.

ऐकणाऱ्याला लोक दुबळा समजतात, हेही मी अनुभवतो आहे. सहकारी म्हणतात, ‘तुमच्या वर्गात मुलं फार बोलतात.’ अशा वेळी सूरह तौबातली एक आयत आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) सर्वांचे ऐकून घेत, म्हणून काही मुनाफिक त्यांना हिणवत. हा माणूस म्हणजे नुसता कान आहे, असे म्हणत. आपल्या मराठीत ‘हलक्या कानाचा’ म्हणतात, त्यातलाच हा टोमणा. कुरआनाने तो शब्द नाकारला नाही. कान तर आहेच, पण तुमच्या भल्याचा कान, असे उत्तर दिले. टोमण्याचाच सन्मान झाला. ज्या समाजाला ‘आमचे कोणी ऐकत नाही’ ही तक्रार रास्तपणे करावी लागते, त्या समाजाने आपल्या घरात, वर्गात, मोहल्ल्याच्या बैठकीत आपण कोणाचे ऐकतो, हेही अधूनमधून तपासावे. घरातल्या मुलींचे? वेगळे मत मांडणाऱ्या तरुणाचे? ‘कळलं, कळलं’ म्हणून ज्याला आपण गप्प करतो त्या म्हाताऱ्याचे?

हे लिहिणारा सुधारला आहे असे मात्र समजू नका. परवा रात्री मी वह्या तपासत होतो आणि पत्नी तिच्या शाळेतले काही सांगत होती. अर्ध्यावरच मी म्हणालो, ‘कळलं.’

ती थांबली. म्हणाली, ‘काय कळलं?’

मला सांगता आले नाही. मी लाल पेन खाली ठेवला, उठून पंखा बंद केला आणि तिला पहिल्यापासून सांगायला सांगितले.